क्षेत्र, धातू आणि क्षेत्रज्ञ

इच्छा, सुख, दुःख आणि धैर्य हे आत्म्याचे गुण मानावेत की देहाचे, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे, आणि कोणत्याही एका पक्षाच्या विजयाने तो कधी मिटलेला नाही. न्यायदर्शनाने इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान या सहांना आत्म्याची लिंगे, म्हणजे ज्यांवरून आत्म्याचे अस्तित्व अनुमानाने कळते अशा खुणा, मानले. उलट भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायाने इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांची गणना तर क्षेत्रात केलीच, पण चेतना आणि धृती, म्हणजे देहातील जागेपण आणि देहमनाला धरून ठेवणारी शक्ती, यांनाही त्याच यादीत बसवले. क्षेत्र म्हणजे हा देह, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, अशी तेथील व्याख्या आहे. गेल्या चार दशकांत वैद्यकात रूढ झालेल्या एका उपचारामुळे हा वाद ग्रंथांतून उठून रुग्णालयातील खोलीत आला आहे. आणि त्या उपचाराच्या वाटेत रुग्णाच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी आली, म्हणजे प्रश्नाला जी नवी धार येते ती तत्त्वचिंतकांनी बारकाईने पाहावी अशी आहे.

हा उपचार म्हणजे कवटीच्या बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने मेंदूला दिलेले उद्दीपन; डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याला ‘टीएमएस’ याच नावाने ओळखतात. त्याचे मूळ मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवलेल्या तत्त्वात आहे: चुंबकीय क्षेत्र बदलू लागले की जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या तत्त्वावर चालणारे साधन मानवी मेंदूवर यशस्वीपणे वापरून दाखवले. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात सोडला जातो आणि त्यामुळे सुमारे दीड ते दोन टेस्ला तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र काही दशसहस्रांश सेकंदांपुरते उठून मावळते. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक असून एमआरआय यंत्रातील क्षेत्रही साधारण याच प्रतीचे असते. विजेचा झटका बाहेरून द्यायचा तर कवटीचे हाड मोठा अडथळा करते आणि टाळूच्या कातडीला तीव्र वेदना होतात. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड जवळजवळ आडवे येत नाही. ते आत पोहोचते आणि तेथे स्वतः बदलत असल्यामुळेच मेंदूच्या पृष्ठभागातील चेतापेशींत, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशींत, क्षीण विद्युतप्रवाह उठवते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये या उपचाराला मान्यता दिली, आणि आज तो भारतातही उपलब्ध आहे. ज्याला लोक ‘शॉक ट्रीटमेंट’ म्हणतात तो उपचार वेगळा. येथे रुग्ण खुर्चीवर जागा बसलेला असतो, त्याला भूल दिलेली नसते आणि आकडीही आणवली जात नाही.

उपचाराची मात्रा ठरवण्याची जी रीत आहे तिच्यातच तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न दडलेला आहे. कॉइल प्रथम मेंदूच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या भागावर धरतात आणि हाताचा अंगठा आपोआप उडू लागेल एवढा कमीत कमी जोर शोधून काढतात. त्या मापाच्या प्रमाणात पुढचा जोर ठरवून, नैराश्याच्या उपचारात बहुधा कपाळाच्या डाव्या बाजूमागील मेंदूच्या भागावर, आठवड्यातून पाच दिवस असे चार ते सहा आठवडे स्पंद दिले जातात. अंगठा उडतो तेव्हा रुग्णाला तो आपण हलवला असे मुळीच वाटत नाही. कॅनडातील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी उघड्या मेंदूला विजेचा स्पर्श केला असता रुग्णांचे हात हलत, आणि हे आपण केले नाही, डॉक्टरांनी केले, असे ते रुग्ण सांगत. या अनुभवाच्या बळावर पेनफील्ड यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात मन हे मेंदूहून वेगळे असावे असा कल दाखवला. परंतु काही आठवड्यांनी मळभ ओसरते, रुग्णाला सकाळी उठावेसे वाटू लागते, नातवंडांशी बोलावेसे वाटू लागते, तेव्हा ही इच्छा माझी नव्हे, यंत्राची आहे, असे तो म्हणत नाही. ती त्याला स्वतःचीच वाटते. एकाच साधनाने झालेल्या दोन परिणामांपैकी एक रुग्ण नाकारतो आणि दुसरा आपला मानतो. पेनफील्ड यांचा तर्क पहिल्या परिणामावर उभा आहे, दुसऱ्याला तो लागू पडत नाही. हालचाल परकी आणि इच्छा आपली, असे का व्हावे, या प्रश्नाला उत्तर न देता मनाच्या स्वतंत्रपणाचा निष्कर्ष काढणे हे घाईचे आहे.

आता धातूकडे वळावे लागते. डोक्याला गंभीर मार लागल्यावर सुजलेल्या मेंदूला जागा देण्यासाठी, किंवा गाठ काढण्यासाठी, कवटीचा एक तुकडा कापून बाजूला करावा लागतो, आणि पुढे ती उणीव कवटीचाच तुकडा, हाडाचे सिमेंट किंवा टायटॅनियमची जाळी बसवून भरून काढतात. तुकडा जागेवर धरण्यासाठी टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू वापरण्याची पद्धत सर्रास आहे. डोक्याच्या दुखापतीनंतर नैराश्य येणे ही नित्याची गोष्ट असल्यामुळे, ज्यांना टीएमएसचा उपयोग होण्यासारखा आहे अशांपैकी काहींच्या कवटीत धातू असतो, आणि डॉक्टरांपुढील अडचण तेथूनच सुरू होते.

टायटॅनियम लोखंडासारखे चुंबकाकडे खेचले जात नाही, म्हणून स्थिर चुंबकापुढे ते जवळजवळ उदासीन असते. पण ते वीज वाहते, त्यामुळे क्षेत्र झपाट्याने बदलू लागले की पट्टीच्या अंगात भोवऱ्याप्रमाणे गोल फिरणारे प्रवाह उठतात. हे प्रवाह तीन गोष्टी करतात: पट्टीला थोडे तापवतात, तिच्यावर क्षणिक ढकल निर्माण करतात, आणि स्वतःचे उलट दिशेचे क्षेत्र उभे करून मूळ क्षेत्राला काही अंशी विरोध करतात. तांब्याच्या तुलनेत टायटॅनियमची वीज वाहण्याची क्षमता सुमारे पंचविसावा हिस्सा असते आणि त्याच्या मिश्रधातूंची त्याहूनही कमी असते. त्यामुळे उष्णता व ढकल दोन्ही मर्यादित राहतात, आणि पट्टीला खाचा पाडलेल्या असल्या तर भोवरे तुटून आणखी दुबळे होतात. टायटॅनियमच्या पट्ट्यांवर सेकंदाला एक स्पंद या गतीने घेतलेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पट्ट्या अगदीच थोड्या तापल्या. परंतु गती वाढवली, पट्टी मोठी व अखंड असली किंवा धातू चांदीसोन्यासारखा उत्तम वाहक असला, तर हा दिलासा तसाच गृहीत धरता येत नाही. चुंबकीय गुणाचे पोलाद किंवा शरीरात राहिलेला लोखंडाचा तुकडा यांची गोष्ट निराळी, कारण ते खरोखरच ओढले जाऊ शकतात. आणि शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणयंत्र, ज्यात चुंबक व इलेक्ट्रॉनिक मंडल दोन्ही असतात, ते कॉइलच्या निकट असणे हे या उपचाराच्या आड येणारे स्पष्ट कारण मानले जाते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पट्टी एमआरआयला चालते एवढ्यावरून ती टीएमएसलाही चालेलच असे ठरत नाही, कारण कवटीपासून बोटभर अंतरावर क्षणात उठून मावळणारे क्षेत्र त्या पट्टीशी ज्या रीतीने वागते ती रीत एमआरआयच्या स्थिर क्षेत्राहून भिन्न आहे.

याहून सूक्ष्म अडचण मात्रेची आहे. अंगठा उडण्याचे माप कवटीच्या एका जागी घेतलेले असते. उपचाराची जागा दुसरी असते, आणि त्या दुसऱ्या जागेखाली जाळी असेल, किंवा जवळच शस्त्रक्रियेचे भोक बुजलेले असेल, तर तेथे मेंदूत उठणारा प्रवाह अंगठ्याच्या मापावरून काढता येत नाही. हाड वीज फारशी वाहत नाही, धातू वाहतो, भोकात भरलेला द्रव वाहतो; म्हणून प्रवाहाच्या वाटा वळतात, कोठे विरळ होतात तर पट्टीच्या कडांशी अधिक दाट होऊ शकतात. यंत्र तेच, स्पंद तेच आणि रुग्णाच्या डोळ्यांसमोर चाललेली क्रियाही तीच, तरी आत पोहोचणारा परिणाम क्षेत्राच्या घडणीप्रमाणे वेगळा होतो.

चुंबक आणि धातू यांचे नाते भारतीय दर्शनांना अपरिचित नव्हते. किंबहुना आत्म्याविषयीच्या वादातला तो एक ठरलेला दृष्टांत आहे. लोखंडाच्या सुईचे चुंबकाकडे, म्हणजे अयस्कांताकडे, सरकणे वैशेषिकसूत्रांनी अदृष्टाच्या, म्हणजे न दिसणाऱ्या कारणाच्या, खाती टाकले. सांख्यांचा पुरुष स्वतः काहीच करत नाही. तरी त्याच्या केवळ सान्निध्याने जड प्रकृती हलू लागते, हे पटवण्यासाठी अयस्कांताचा दृष्टांत पुढे केला गेला, आणि ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे खंडन आले. त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी घेतलेला आक्षेप आजही ताजा वाटतो. पुरुषाचे सान्निध्य नित्य असेल तर प्रकृतीची हालचालही नित्य व्हावी आणि मोक्ष कधीच घडू नये. चुंबकाचे सान्निध्य मात्र अनित्य असते, त्याला जवळ आणण्याची क्रिया घडावी लागते आणि त्याच्या साफसफाईसारख्या गोष्टींचीही अपेक्षा असते, म्हणून तो नित्य व निष्क्रिय पुरुषाचा दृष्टांत होऊच शकत नाही.

शंकराचार्यांना विद्युतप्रवर्तनाचे ज्ञान होते असा दावा कोणी या जोरावर करू लागले तर तो त्यांच्यावरच अन्याय ठरेल, कारण त्यांच्या युक्तिवादाचे बळ भौतिकशास्त्रात नाही, दृष्टांत नीट तपासण्यात आहे. तरीही टीएमएसने त्या तपासणीला एक अनपेक्षित पुरवणी जोडली आहे. या उपचारात नुसत्या सान्निध्याने काहीच होत नाही. डोक्यावर स्थिर चुंबक तासभर धरला तरी चेतापेशी ढिम्म हलत नाहीत, आणि टायटॅनियमची पट्टीही ढिम्म राहते. जे घडते ते बदलाने घडते. जे बदलत नाही ते बदल घडवते, हे दाखवण्यासाठी ज्या वस्तूचे उदाहरण निवडले, ती वस्तू आपला हा परिणाम फक्त बदलूनच साधते. म्हणून मेंदूवरील चुंबकाच्या प्रभावावरून अविकारी आत्म्याच्या प्रभावाची कल्पना समजावू पाहणारी जी प्रवचने अलीकडे ऐकू येतात, ती सांख्यांनाही उपकारक नाहीत आणि वेदान्त्यांनाही.

‘क्षेत्र’ हा शब्द मराठीत तीन अंगांनी जगतो. पंढरी हे क्षेत्र आहे, चुंबकाचेही क्षेत्र असते, आणि देहही क्षेत्रच आहे. भौतिकशास्त्रातला अर्थ परिभाषेच्या सोयीने आलेला असून गीतेतील अर्थाशी त्याचा संबंध जोडू नये. गीतेतील क्षेत्र म्हणजे शेत, जेथे पेरलेले उगवते. ज्ञानेश्वरांनी याच अध्यायावर लिहिताना हे क्षेत्र मुळात कोणाचे, असा प्रश्न उपस्थित केला आणि ते जीवाचे म्हणणारे, प्रकृतीचे म्हणणारे, संकल्पाचे, स्वभावाचे आणि काळाचे म्हणणारे अशा निरनिराळ्या वाद्यांना एकामागून एक बोलू दिले. शेताच्या मालकीवरून भांडणाऱ्या वारसांसारखे ते पक्ष तेथे उभे राहतात. कवटीतील पट्टीविषयी हाच प्रश्न विचारला तर तो पोकळ ठरत नाही. कापलेला हाडाचा तुकडा जपण्यासाठी काही वेळा तो रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी पुन्हा कवटीत बसवतात. तो तुकडा निःसंशय त्याचा. कारखान्यात घडलेली टायटॅनियमची पट्टी मात्र त्याच्या अन्नातून वाढलेली नाही, तिच्यात रक्त खेळत नाही, आणि तरी हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढते, ही गोष्ट पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने गेल्या शतकाच्या मध्यास दाखवून दिली. जन्माने किंवा जिवंतपणाने क्षेत्राची हद्द ठरवायची तर पट्टी बाहेर राहते. परंतु गीतेच्या यादीत ‘संघात’ हाही शब्द आहे, म्हणजे एकत्र येऊन एकमेकांवर परिणाम करणाऱ्या घटकांचा जुळलेला समूह. बाहेरून आलेला स्पंद मेंदूपर्यंत कसा पोहोचेल हे जी ठरवते, आणि म्हणून इच्छा व सुखदुःख यांच्या उपचारात जिचा हिशेब टाळता येत नाही, ती पट्टी संघातात आलेली आहे. केसांत खोचलेली पिन उपचारापूर्वी काढून ठेवता येते, पट्टी काढता येत नाही. हद्द येथे आखणे योग्य होईल.

यावरून न्यायमताची अडचण स्पष्ट होते. इच्छा आणि सुख हे आत्म्याचे गुण असतील तर कॉइलने आत्म्यालाच हात घातला असे म्हणावे लागते. नैयायिकाचे उत्तर तयार असते: शरीर व मन ही साधने आहेत, साधन दुरुस्त झाले म्हणून आत्म्यात सुख उपजले, वीणेची तार नीट लावली की वादकाचे गाणे खुलते तसे. अंगठ्याच्या बाबतीत हा दृष्टांत शोभतो. परंतु तार पिळल्याने सूर बदलतो, वादकाला वाजवावेसे वाटू लागत नाही. आणि टीएमएसने बदलते ते नेमके हेच, वाजवावेसे वाटणे. त्यामुळे इच्छेला क्षेत्रात घालणारी गीतेची मांडणी या पुराव्यासमोर अधिक सरळ उभी राहते, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

याच पुराव्यावर सर्वांत मोठा हक्क चार्वाकाचा, आणि तो हसून उडवण्याजोगा नाही. जसे आंबवलेल्या पदार्थांत मादकता उपजते तसे भूतांच्या विशिष्ट मिश्रणात चैतन्य उपजते, असे त्याचे म्हणणे विरोधकांच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आले आहे. मिश्रणात धातूचा तुकडा शिरला आणि परिणाम बदलला, यापेक्षा त्याला अनुकूल साक्ष कोणती हवी? यावर शंकराचार्यांनी अन्यत्र दिलेले उत्तर असे, की दिवा असला तर दिसते आणि नसला तर दिसत नाही, तेवढ्याने पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. हे उत्तर चार्वाकाचा दावा सिद्ध झालेला नाही एवढेच दाखवते. तो खोटा असल्याचे दाखवत नाही. शिवाय त्याची एक किंमत आहे. इच्छा, दुःख, धृती सगळी क्षेत्रात गेल्यावर उरलेला साक्षी दुःखी होऊच शकत नाही, मग उपचार घेण्यासाठी खुर्चीवर येऊन बसलेला तो कोण? अद्वैताला यासाठी अध्यासाचा, म्हणजे एकाचे धर्म दुसऱ्यावर लादले जाण्याचा, आधार घ्यावा लागतो. मोक्षाच्या विचारात तो पुरेसा असेल. रुग्णाची संमती, त्याची भीती, त्याला सांगितलेला धोका आणि त्याने केलेली निवड यांचा विचार करताना मात्र दुःखी होणारा जो क्षेत्रातील पुरुष, त्यालाच पूर्ण मान द्यावा लागतो, त्याला भ्रम म्हणून बाजूला सारता येत नाही.

एक गोष्ट अजून उरते आणि ती कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. क्षेत्रज्ञ म्हणजे क्षेत्राला जाणणारा. परंतु कवटीतील पट्टी बहुधा जाणवत नाही. जखम भरून गेली की तिचे वजन, तिची कड, तिचा गारवा यांपैकी काहीही बहुतेकांना आतून कळेनासे होते. मेंदूलाही स्वतःची वेदना कळत नाही, कारण त्याच्या ऊतींत वेदना टिपणारी टोकेच नसतात. म्हणजे क्षेत्राचा फार मोठा भाग असा आहे की जो क्षेत्रात असूनही अनुभवात नाही, आणि जाणणे याचा अर्थ आतून जाणवणे असा घेतला तर कोणीही स्वतःच्या क्षेत्राचा पुरता जाणता नाही. पट्टीचे नेमके ज्ञान मुख्यतः दोन वाटांनी होते: क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन पाहणाऱ्याच्या प्रत्यक्षाने, अथवा ज्याने ती बसवली त्या शल्यचिकित्सकाच्या लेखी शब्दाने. दर्शनांनी ज्याला शब्दप्रमाण म्हटले, म्हणजे विश्वासार्ह आणि जाणत्या माणसाच्या वचनातून मिळणारे ज्ञान, त्याचे याहून शुद्ध उदाहरण आधुनिक जीवनात क्वचितच सापडेल. स्वतःच्या देहाविषयीही माणसाला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

त्या शब्दाचे मोल अनेक घरांत ओळखले जात नाही. शस्त्रक्रियेनंतर मिळालेले डिस्चार्ज कार्ड बिलांच्या गठ्ठ्यात जाते, घर बदलताना हरवते, आणि दहापंधरा वर्षांनी मनाच्या आजारासाठी वेगळ्याच डॉक्टरांकडे गेल्यावर जुन्या अपघाताचा उल्लेख करावा असे कोणाला सुचत नाही, कारण डोक्याचा मार आणि मनाचा आजार या दोन निराळ्या गोष्टी आहेत अशी समजूत असते. ज्यांच्या किंवा ज्यांच्या आप्तांच्या डोक्यावर शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी तो कागद शोधून ठेवावा, त्यावर पट्टी कोणत्या धातूची व कोठे बसवली आहे ते नसेल तर रुग्णालयातून लिहून घ्यावे, आणि टीएमएसच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी, कोणी विचारो अथवा न विचारो, तो डॉक्टरांपुढे ठेवावा.